तीन मात्रा

क्लाइव्ह ऑम्बलर गेला. बातमीत त्याचं नाव
गाण्याच्या नावानंतर आलं:
'पाच वाजताची भरती'वाला गायक, वय एकाहत्तर,
हल शहरी, झोपेत.
झोपेत कसला. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या.
चहाचं आधण आटून किटली लाल झाली
तेव्हा शेजारच्या मॉरीनला वास आला.

ते गाणं तुम्हाला माहीत आहे.
दाढी करताना, टॅक्सीत,
दंतवैद्यापुढे आ वासून पडलेले असताना
तुम्ही ते ऐकलेलं आहे.
दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तो म्हणतो,
'आणि पाणी उभं राहिलं',
आणि सगळंच थांबतं.
एक. दोन. तीन.
मग ड्रम कोसळतात.

त्या थांबण्यावर पुष्कळ लिहून झालं.
लंडनच्या एका शहाण्यानं लिहिलं, ही ती घटका,
भरती सरलेली, ओहोटी अजून लागलेली नसते ती.
लीड्सच्या एका बाईंना तीन मात्रांत
बुडालेल्या तीन बोटी ऐकू आल्या.
त्यांतल्या एकीवर माझा मामा होता.
मी गप्प बसलो.

माझ्या हातातून काठी सुटली होती, एवढंच.
चौऱ्याहत्तर साल, रात्रीचे दोन,
तळघरातला स्टुडिओ, भाड्याची शेवटची वीस मिनिटं,
आणि बोटं तळलेल्या माशानं तेलकट.
काठी घरंगळत पेडलखाली गेली.
मी वाकलो.
गिटारवाल्यांनी हात का आवरले, देव जाणे.
क्लाइव्ह माइकपाशी माझ्याकडे बघत उभा,
पुढचा शब्द जिभेवर धरून,
धावत येणाऱ्यासाठी कुणी बसचं दार धरून ठेवावं
तसा.

जन्मभर लोक त्याला विचारत, ही कल्पना कुणाची?
तो म्हणे, ड्रमवाल्याला विचारा, त्याला पाणी कळतं.
पुढे मी प्लंबर झालो
आणि तो विनोद आणखीच जुना झाला.

चूक एकदाच होते. नंतर ती वाजवावी लागते.
सतरा वर्षं मी ती मोजून वाजवली,
लग्नात, दुकानांच्या उद्घाटनांत,
विदर्नसीच्या कॅराव्हॅन पार्कात, एकोणीस माणसांपुढे.
त्या रात्री 'उभं राहिलं' म्हणून तो
स्टेजवरून उतरला, बारपाशी गेला,
अर्धा ग्लास बिअर सावकाश संपवली,
बाईंना सुट्टे पैसे दिले.
मी काठ्या वर धरून बसलेलो, खांदे भरून आले.
तो परत आला, मला डोळा मारला,
आणि मी दोन्ही काठ्या आपटल्या.
इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.
एकोणीसपैकी काही जण निघून गेले होते.

त्याची आणखी चाळीसेक गाणी होती.
मला अकरा येतात. एक त्याच्या बापाच्या हातमोज्यांवर आहे,
गोदीत बर्फ फोडणाऱ्या माणसाच्या.
ते चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.

चँटरलँड्स रस्त्यावरच्या दाहगृहात
त्यांनी तेच लावलं, दुसरं काय लावणार.
हेसल रोडची सगळी म्हातारी मंडळी,
कोट नाफ्थलीनच्या वासाचे,
ओठ हलताहेत.
'आणि पाणी उभं राहिलं.'
कुणी खोकलं नाही.
कुठलासा गरम पाण्याचा पाइप टिकटिकत होता,
त्यात हवा अडकली होती, मला कळलं.
माझा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला.

मग तेवीस वर्षांच्या कुणा पोरानं
पेडलखालची काठी उचलली,
ड्रम कोसळले, पडदा सरकू लागला.

मी असतो तर जरा शोधत बसलो असतो.